कडेला फुटलेले नऊ तारे

आधी मला वाटलं, हे भक्तीचंच काम आहे.

भक्ती माझी मुलगी, दोन वर्षं एक महिन्याची. टिकल्या दिसल्या की तिला दुसरं काही सुचत नाही. आणि त्या फाल्गुनात आमच्या ताडकळसच्या घरात टिकल्याच टिकल्या होत्या, कारण माझा एमएस्सीचा प्रकल्प टिकल्यांवर चालला होता. दीर्घिकांची चित्रं मी बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानातून काढून आणायची, पांढऱ्या कागदावर काळी. ज्या जागी तारा फुटला तिथं एक टिकली. जड तारा असेल तर लाल, श्वेत बटू असेल तर हिरवी. हे सगळं कॉम्प्युटरवर करता येतं, मला माहीत आहे. पण विभागाने दिलेल्या लॅपटॉपवर दोनापेक्षा जास्त चित्रं उघडली की तो जागीच बसायचा, आणि मला एकशे ऐंशी दीर्घिका एकदम नजरेखाली हव्या होत्या. मग काय, दुपारी भक्ती झोपली की फरशीवर कागद मांडायचे, कोपऱ्यांवर वाट्या ठेवायच्या आणि मधे बसून बघायचं.

विषय साधा होता. निदान योगीराज सरांनी दिला तेव्हा साधा वाटला. तारे ढोबळमानाने दोन तऱ्हांनी फुटतात. काही जन्मतःच फार जड असतात. जड म्हणजे जास्त टिकेल असं आपल्याला वाटतं, पण तिथं उलटं आहे. त्यांचं इंधन भराभर जळून जातं, आणि जन्माच्या जागेपासून लांब जायला वेळच मिळत नाही. म्हणून ते दीर्घिकेच्या सर्पिल बाहूंत, जिथं नवे तारे जन्मतात तिथंच आसपास फुटतात. दुसरे श्वेत बटू. हलका तारा विझल्यावर उरलेला हा गोळा जोडीदाराकडून वस्तुमान घेत राहतो आणि कधीतरी, कधी कधी तर अब्जावधी वर्षांनी, फुटतो. तोवर तो कुठंही गेलेला असतो. मध्यावर, कडेला, जिथं नवा तारा जन्मणं कधीच थांबलं अशा म्हाताऱ्या दीर्घिकांतसुद्धा. कुठला तारा दीर्घिकेत कुठं फुटला ते मोजायचं, आलेख काढायचा आणि पुस्तकात आहे तसंच येतं का बघायचं. एवढंच.

भक्ती जन्मली तेव्हा एक किलो नऊशे ग्रॅमची होती. हलके तारे जास्त जगतात हे वाचून मला उगाच बरं वाटलं होतं. याचा त्याच्याशी काही संबंध नाही हे मला कळतं. मी फिजिक्सची आहे.

तर नऊ लाल टिकल्या चुकीच्या जागी होत्या. बाहूंत नाहीत, दीर्घिकेच्या आत नाहीत, सरळ बाहेर, कोऱ्या कागदावर. पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी झोपलेल्या भक्तीकडे बघितलं. तिच्या कपाळावर एक लाल टिकली होती आणि गुडघ्यावर दोन. म्हटलं, झालं. हिनेच उचलून इकडच्या तिकडे लावल्या. मग लॅपटॉपमधले आकडे काढून एकेक कागद ताडून बघितला. तीन ठिकाणी टिकल्या तिने हलवल्या होत्या, पण त्या हिरव्या होत्या. लाल नऊच्या नऊ बरोबर जागेवर होत्या. लेकरू निर्दोष निघालं, म्हणजे चूक माझी होती.

आणि त्या वर्षी चूक करायला मला मुभाच नव्हती.

आमच्या घरची माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. तिकडे नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. माझे सासरे रामकिशन आणि सासूबाई धुरपदाबाई, ज्यांना आम्ही मामा-मामी म्हणतो, हा एक कोयता. माझे मिस्टर बजरंग माझ्याशिवाय जातात, म्हणून ते अर्धा कोयता. लग्न ठरतानाच त्यांनी सांगितलं होतं की हिला शिकू द्यायचं, फडावर न्यायचं नाही. पण मुलगी झाली, एक वर्ष असंच गेलं आणि शेवटचं वर्ष राहिलं. मग मामींनीच ठरवलं. यंदा त्या घरी राहतील, भक्तीला बघतील, मी प्रकल्प पुरा करायचा. मामा आणि बजरंग, बापलेक मिळून एक कोयता. मामींनी बोट वर करून सांगितलं होतं, एकच हंगाम. पुढच्या साली त्या जाणार. विद्यापीठाची मुदत पाडव्यापर्यंतची. तोवर माझा प्रकल्प जमा झाला नाही, तोंडी परीक्षा झाली नाही, तर परत कोणी भक्तीला सांभाळणार नव्हतं आणि माझं एमएस्सी तिथंच संपणार होतं. प्रकल्प जमा करायला माझ्या हातात बारा दिवस होते.

मी परभणीला सरांकडे गेले. घरातून निघताना भक्ती रडली नाही याचंच मला वाईट वाटलं, आणि रस्ताभर तिने काही गिळलं तर नसेल ना हीच काळजी. सरांनी आलेख बघितला. नऊ ठिपक्यांवर पेन आपटत राहिले आणि म्हणाले, गाळून टाक. एकशे ऐंशीत नऊ गेले तर कुणाला कळणार नाही. मी हो म्हणून परत आले. दोन दिवसांनी त्यांचाच फोन. गाळू नको. त्यांनी कुणा मित्राशी बोलणं केलं होतं. काही जड तारे जन्मजागेतून फेकले जातात म्हणे, सुसाट. तसं असेल तर हे प्रकरण मोठं आहे. पण खात्री कर, म्हणाले. कशी करायची ते सांगितलं नाही.

मी हिशेब मांडून बघितला. एवढा जड तारा जन्मल्या क्षणापासून मरेपर्यंत आजवर दिसलेल्या सगळ्यांत जोरात पळाला असं धरलं, तरी नऊपैकी एकही त्या अंतरापर्यंत पोचत नव्हता. अर्ध्या वाटेतही नाही. मग तो तिथं कसा? तारा जड नव्हताच म्हणावं तर वर्णपट सरळ सांगत होता की आहे. मोजमाप चुकलं म्हणावं तर तीनदा मोजलं होतं. तिसऱ्यांदा मोजताना मनात आलं की हे नऊ मी कधी नोंदवले? भक्तीला गोवरासारखं पुरळ आलं होतं त्या आठवड्यात तर नाही? वहीत तारखा बघितल्या. दोन जानेवारीच्या सुरुवातीचे, एक संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीचा, चार फेब्रुवारीतले, दोन अगदी अलीकडचे. पुरळाच्या आठवड्यात एकही नाही. मला तेही बरं वाटलं नाही. चूक कुठं झाली हे कळलं असतं तर निदान तिथं बोट ठेवता आलं असतं.

बजरंगचा फोन आला तेव्हा मी त्यांना सांगायला लागले. ते ऐकत होते, पाठीमागे ट्रॅक्टर चालला होता. शेवटी म्हणाले, "तुज्या नऊ ताऱ्यांपायी भक्तीची आंघोळ ऱ्हायली म्हन आज. आईनं सांगितलं." मग म्हणाले की सापडंल, तू सापडवतीस. मला त्याचा जास्तच धाक वाटला.

त्या दुपारी मामी जवळ येऊन बसल्या. सुपात हरभरा निवडायला घेतला होता. भक्ती त्यांच्या पायाशी झोपली होती, तोंड उघडं टाकून. मी दर थोड्या वेळाने तिच्या पोटाकडे बघत होते, वरखाली होतंय ना. नऊ कागद मी वेगळे काढून एका रांगेत मांडले होते.

मामींनी विचारलं की हे नऊच का बाहेर काढले. मी म्हटलं, हे जिथं जन्मले तिथंच मरायला पाहिजे होते, पण घराच्या लांब बाहेर जाऊन मेलेत. कसे गेले तेच कळत नाही.

मामी वाकून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "जलमले कुठं हे कुणी लिवून ठिवलंय?"

"मीच लिहिलंय, मामी. रकाना आहे तसा. प्रत्येकाची यजमान दीर्घिका कोणती ते."

"काय बघून लिवलंस?"

मी सांगितलं. टिकलीच्या आसपास सगळ्यांत मोठी दीर्घिका दिसते ती. तिला यादीत नाव असतं, नंबर असतो. ते लिहायचं.

त्या आवाज न करता हसल्या. हसताना त्यांच्या मांडीवरचं सूप हललं.

"बजरंगाच्या दाखल्यावर काय हाय?"

"जन्मठिकाण ताडकळस."

"त्यो ताडकळसात कुठं जलमलाय," मामी म्हणाल्या. "त्यो फडावर जलमला. पाचटाच्या कोपीत. दोगी पोरी बी तिकडंच. शाळेत घालताना गुर्जींनं इचारलं, तुमच्या मामानं सांगितलं ताडकळस. काय सांगावं दुसरं? अमक्या पाटलाच्या उसात? तिथल्या गावाचं नाव बी धड म्हाईत नसतंय. घर कुठं हाय ते लिवायचं. ह्या गल्लीतल्या समद्यांचं तसंच हाय."

हे मला नवीन नव्हतं. मी पाथरीकडची, आमच्याकडेही असंच. माझ्या स्वतःच्या दाखल्यावर आमच्या गावाचं नाव आहे, आणि मी नेमकी कुठं जन्मले हे मी आईला आजवर विचारलेलं नाही. विचारावंसंच वाटलं नाही. जन्मठिकाण लिहा म्हटलं की हात आपोआप गावाचं नाव लिहितो. दुसऱ्या कुणी, शहरातल्या मुलीने, ताऱ्यांच्या रकान्यात असं केलं असतं का, कोण जाणे.

मी कागदांकडे बघत होते. मामींनी एक खडा उचलून बाजूला टाकला.

"बजरंगाच्या आदी एक व्हता," त्या म्हणाल्या. "पोरगाच. लय जड. दाई म्हनली, दोन लेकरांचं वजन एकालाच दिलंय देवानं. पाच दिस राह्यला."

मी विचारलं, मग?

"मग काय. तिथंच ठिवला, कॅनॉलच्या अंगाला. दुसऱ्या दिवशी टोळी फुडच्या फडावर गेली." त्यांनी सूप घोळवलं. "त्याला दाखला न्हाई. म्हून त्याला गाव बी न्हाई. तुमच्या मामाला इचारलं तर ते म्हनतील, आमाला तीनच लेकरं."

एवढं बोलून त्या उठल्या आणि खडे टाकायला बाहेर गेल्या. भक्तीने झोपेत हात झटकला. मी तिच्या छातीवर हात ठेवून बसले, गरज नसताना.

मग लॅपटॉप उघडला. जगभरातल्या मोठ्या दुर्बिणींनी काढलेली आकाशाची खोल चित्रं, ज्यांत फार फिकट वस्तूही दिसतात, कुणालाही बघायला खुली असतात. मी छापली होती ती उथळ होती, लवकर उतरतात म्हणून. पहिल्या लाल टिकलीच्या जागेचे आकडे टाकून खोल चित्र मागवलं. आमच्या खिडकीतल्या नेटवर्कवर ते यायला चहा उकळून निघेल एवढा वेळ लागला. आलं. टिकलीच्या अगदी खाली एक फिकट डाग होता. बोटाने पुसला जाईल असा. मी खरंच स्क्रीन पुसून बघितली. गेला नाही. एक लहानशी दीर्घिका, तिला नाव नाही, यादीत नंबर नाही. निळसर. निळसर म्हणजे तिथं अजून तारे जन्मत असणार.

मग मी ते केलं जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. तारा फुटला तो आपल्यापासून किती लांब, हे त्याच्या प्रकाशाच्या ताम्रसृतीवरून, म्हणजे तो तांबड्याकडे किती सरकलाय त्यावरून कळतं. मोठ्या दीर्घिकेचंही अंतर यादीत असतं. दोन्ही रकाने माझ्याच तक्त्यात शेजारी शेजारी होते. मी ते भरले होते, ताडून कधी बघितले नव्हते. यजमान कोण हे एकदा ठरल्यावर कशाला बघायचं? नऊपैकी पाच ठिकाणी दोन्ही जुळतच नव्हते. मोठी दीर्घिका कितीतरी अलीकडे होती, तारा तिच्या पाठीमागे फार दूर. तिचा तो कधी नव्हताच. नुसता तिच्या शेजारी दिसत होता, आणि मी तिचं नाव लावून टाकलं होतं.

पाच सुटले. खोल चित्रात पाचही टिकल्यांखाली तसलेच डाग मिळाले. सहाव्या आणि सातव्या ठिकाणीही डाग होता, पण ताऱ्याचं अंतर मोठ्या दीर्घिकेशीही जुळत होतं. तिथं मी लहान दीर्घिका लिहिली आणि पुढे "बहुधा" असं लिहिलं. दोन उरले. आठवा आणि नववा. मिळाली ती सगळ्यांत खोल चित्रं काढली. तीन दिवस तेच करत होते. भक्ती येऊन मांडीवर बसायची, स्क्रीनवर बोट ठेवून "टिकी" म्हणायची, पण तिथं टिकली नव्हती, काहीच नव्हतं. काळं आकाश. मोठी दीर्घिका लांब एका बाजूला, आणि एवढ्या लांबून जड तारा येऊच शकत नाही हे मीच मांडून बघितलेलं. डाग आहे आणि दिसत नाही एवढा फिकट, की नाहीच? की अंतर चुकलं? की सरांचे मित्र म्हणतात तसं खरंच काही? प्रत्येक वेळी वाटायचं, आता कळलं, आणि पाच मिनिटांनी पुन्हा सगळं विस्कटायचं.

चार दिवस उरले असताना पुन्हा परभणीला गेले. नवा आलेख बघून सर जरा हिरमुसले, मला वाटतं. नऊचं मोठं प्रकरण राहिलं नव्हतं. जड तारे जन्मजागेजवळच फुटतात, पुस्तकात आहे तसंच आलं होतं. पण चूक तुझी तूच काढलीस हे चांगलं केलंस, म्हणाले. मग त्यांची नजर तक्त्याच्या शेवटच्या दोन ओळींवर गेली. यजमान दीर्घिकेच्या रकान्यात मी लिहिलं होतं: सापडली नाही.

सर म्हणाले, असं ठेवू नको. बाहेरून येणारे परीक्षक कोरा रकाना आधी धरतात, मग अख्खी तोंडी परीक्षा त्यावरच जाते. एकतर या दोन ओळी काढ, नाहीतर जवळच्या दीर्घिकेचं नाव टाकून तळाला टीप दे. आणि वर असंही म्हणाले की राजेश्री, तुझ्याकडे परत एक वर्ष नाही हे तूच मला सांगितलंयस.

ते खरंच होतं. माझा हात त्यांच्या टेबलावरच्या पेनापर्यंत गेला होता. मोठ्या दीर्घिकेचं नाव सोपं होतं, आठ अक्षरं-आकडे. लिहिलं असतं तर कुणालाही खटकलं नसतं. आमच्या गल्लीत कुणालाच खटकत नाही. पण मला ते लिहिता येईना, आणि का येईना हेही सरांना सांगता येईना. मी म्हटलं, सर, असू द्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, चष्मा काढून पुसला आणि सही केली.

तोंडी परीक्षा पाडव्याच्या आदल्या आठवड्यात झाली. परीक्षक वयस्क होते, हळू बोलणारे. सरांनी सांगितलं होतं तसंच झालं. त्यांनी पानं उलटत उलटत थेट शेवट गाठला आणि त्या दोन ओळींवर बोट ठेवलं. हे दोन कुणाचे?

"माहीत नाही, सर."

मग ठेवल्या कशाला, त्यांनी विचारलं. एकशे अठ्ठ्याहत्तर पुरेसे होते की.

ताम्रसृती, खोली, दृश्यतेची मर्यादा, सगळं पाठ करून गेले होते, त्यातलं काही आठवेना. मी म्हटलं, "फुटलेले दिसलेत ना, सर. झालेत म्हणजे कुठंतरी जन्मलेत. नाव मिळालं नाही म्हणून काढून टाकायचे कसे?"

त्यांनी त्या दोन ओळींचे आकडे एका वेगळ्या कागदावर लिहून मागितले. कशासाठी ते सांगितलं नाही. मी लिहून दिले. त्यातला एक सात एकासारखा दिसत होता, तो पुन्हा काढला. बाहेर आल्यावर कळेना की हे बरं झालं की वाईट. तासाभराने सर आले आणि म्हणाले, पास आहेस. मार्क काही फार नाहीत.

संध्याकाळी घरी पोचले तेव्हा भक्ती मामींच्या कडेवर होती. मी पास झाल्याचं सांगितलं. मामींनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "मंग यंदा दिवाळीमागं म्या जाते फडावर. आता तुजं तू बघ."

ठरलं होतं तसंच होतं ते. पण पास झाले म्हणजे मामी जाणार, हे दोन्ही मी एकत्र कधी जोडून बघितलंच नव्हतं. मी नोकरी शोधायची, भक्तीला कुणाकडे ठेवायचं, काही ठरलेलं नव्हतं. त्यांना थांबा म्हणावं तर कुठल्या तोंडाने? मी भक्तीला घेतलं. तिच्या अंगाला हरभऱ्याच्या आंबेचा आंबूस वास येत होता.

थोड्या वेळाने मी म्हटलं, "मामी, तिकडं गेलात की तो कॅनॉल कुठल्या गावाला आहे ते कुणाला तरी विचाराल का?"

"कशाला?"

"लिहून ठेवते."

मामी चुलीपुढे बसत होत्या, त्या अर्ध्यातच थांबल्या. म्हणाल्या की आता तिथं ऊस तरी असंल का न्हाई, तीस-बत्तीस हंगाम झालं त्यानंतर, कुणाला आठवंल. मग बसल्या, काटक्या पुढे सारल्या, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "टोळीच्या मुकादमाच्या बापाला याद आसंल. इचारते."

कशावर लिहिणार, कुठल्या रकान्यात, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं.